मेथी-कोथिंबिरीचा मळा अकरा वर्षांनी थकला आहे; पालेभाजीची शेती पुढे टिकवायची कशी?

ओतूरचा मळेकरी (४ मे)

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ आमची दोन एकर बागायती जमीन आहे. विहिरीला मार्चअखेरपर्यंत बरे पाणी असते आणि त्यापुढे पावसाळ्यापर्यंत एक दिवसाआड दोन तास मोटर चालते. गेली अकरा वर्षे या दोन एकरांत आम्ही मेथी, कोथिंबीर आणि मधूनमधून शेपू याखेरीज काहीही घेतलेले नाही. ऊस किंवा टोमॅटोकडे न वळता पालेभाजी धरण्याचे कारण साधे होते. मेथी महिन्याभरात आणि कोथिंबीर दीड महिन्यात निघते, बाजार जवळ आहे आणि घरात पैसा खेळता राहतो. दोन्ही मुलांची शिक्षणे या वाफ्यांवरच झाली, त्यामुळे हे पीक सोडण्याचा विचार जिवावर येतो.

मात्र तीन वर्षांपासून काहीतरी बिनसले आहे. मेथी चार-सहा पानांवर आली की वाफ्यात ठिकठिकाणी ताटाएवढी गोल पिवळी चकंदळे पडतात. तेथील रोप उपटले तर मूळ तपकिरी झालेले असते आणि त्याची साल बोटांत निसटून येते. ज्या वाफ्यातून पूर्वी साठ जुड्या निघत, त्यातून आता चाळीस निघाल्या तरी बरे वाटते. उत्पादन घटले म्हणून युरिया वाढवला, तर मावा (पानांचा रस शोषणारी कीड) वाढला. मावा वाढला म्हणून दोनऐवजी चार फवारण्या सुरू झाल्या. त्यात गेल्या फेब्रुवारीत एक एकर कोथिंबीर एकदम तयार झाली आणि भाव शेकड्याला, म्हणजे शंभर जुड्यांना, २५० रुपयांवर आला. उपटणी, बांधणी आणि भाडे यांचाही खर्च निघेना, म्हणून उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला. पुढचे दोन दिवस साऱ्या शिवारात कोथिंबिरीचा वास भरून राहिला होता आणि आमच्या घरात कोणी फारसे बोलत नव्हते.

जमीन, पाणी, बाजार आणि मजूर यांपैकी नेमक्या कोणत्या गोष्टीवर पालेभाजीची शेती टिकते किंवा मोडते, आणि मी सुरुवात कोठून करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.


काळी माती (५ मे)

मळेकरी दादा, मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे आणि पालेभाज्यांचे पुष्कळ मळे चढताना आणि उतरताना पाहिले आहेत. माझे मत असे की आपण प्रथम जमिनीकडे पाहावे, कारण बाकीच्या तिन्ही अडचणींना आपण तोंड देऊ शकाल की नाही हे तिच्यावर अवलंबून आहे.

पालेभाजी अल्पमुदतीची असल्यामुळे तिचा जमिनीवरील भार आपल्या लक्षात येत नाही. सोयाबीनची पाने शेतातच गळतात, उसाचे पाचट ठेवता येते, हरभऱ्याची मुळे जमिनीत राहतात. मेथी आणि कोथिंबीर मात्र आपण मुळासकट उपटतो. वर्षातून सात-आठ वेळा पिकाचा प्रत्येक अंश, आणि मुळांना चिकटलेली थोडी मातीही, टेम्पोत बसून निघून जाते. मागे राहतात ती फक्त खतांची क्षारे. अकरा वर्षे हे चालले असेल आणि त्या मानाने शेणखत पडले नसेल, तर सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-पालापाचोळ्यातून मातीत येणारा कस, खाली गेलेला असणारच. पावसाळ्यापूर्वी माती परीक्षण करून घ्या आणि पिवळ्या चकंदळांतील व निरोगी भागातील नमुने वेगवेगळे द्या.

आपण शेपूचा उल्लेख केला आहे, तो बहुधा फेरपालट (एका पिकानंतर वेगळ्या कुळाचे पीक घेणे) म्हणून असावा. शेपू आणि कोथिंबीर एकाच कुळातील आहेत, त्यामुळे एकीनंतर दुसरी घेतल्याने रोग-किडींच्या दृष्टीने खरी फेरपालट होत नाही. मेथी शिंबावर्गीय, म्हणजे हरभरा आणि घेवडा यांच्या घरातली. पालक, चाकवत, माठ आणि राजगिरा हे तिसरे कुळ, मुळा आणि मोहरी हे चौथे, तर कांद्याची पात पूर्ण वेगळी. एकाच वाफ्यात वर्षातून चार वेळा मेथी पडत असेल, तर मुळे कुजवणाऱ्या मर रोगाच्या बुरशीला उपाशी राहण्याची वेळच येत नाही. त्यात आपण मोकळे पाणी देत असाल, तर तेच पाणी बुरशीला एका वाफ्यातून दुसऱ्यात नेते.

आता युरियाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या मळ्यातील साखळी तेथूनच सुरू होते. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि तिच्यात जवळपास २१ किलो नत्र असते. इतक्या स्वस्त वस्तूचा हात सैल सुटतो, यात शेतकऱ्याचा दोष नाही. परंतु मेथी मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने स्वतः हवेतील नत्र (नायट्रोजन) घेऊ शकणारे पीक आहे. आज संध्याकाळी वाफ्यातील एक निरोगी रोप खुरप्याने मातीसह उचला, मूळ पाण्यात हलकेच धुवा आणि त्यावरील गाठ नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी निघाली तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, अथवा गाठीच नसल्या, तर आयत्या नत्रामुळे त्या रोपाने आपले काम सोडले आहे असे समजा. जास्त नत्राने पान लुसलुशीत होते, लुसलुशीत पानावर मावा बसतो आणि मग फवारणी येते. शिवाय न वापरलेले नत्र पानात नायट्रेटच्या रूपाने साठते, आणि पावसाळी अंधुक उजेडात ते अधिक साठते. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी किलोमागे ३,५०० मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा ठरवली आहे. आपल्या बाजारात हे कोणी विचारत नाही, तरी खाणारी मुले आपलीच आहेत.

उपाय म्हणून पुढील तीन हंगाम रोगट वाफ्यांत मेथी घेऊ नका. मे महिन्यातील ऊन वाया जाऊ देऊ नका. वाफे भिजवून त्यांवर पातळ पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा बुजवून पसरले, तर वरच्या थरातील बुरशी बऱ्याच अंशी मरते. नंतर शेणखतातून ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयुक्त बुरशी) द्या आणि पुढे प्रत्येक वेळी बियाण्यालाही किलोला पाच ग्रॅमप्रमाणे चोळा. निदान चौथा हिस्सा जमीन या पावसाळ्यात तागाखाली ठेवा, म्हणजे ताग हिरवळीचे खत म्हणून जमिनीत गाडता येईल. त्या तुकड्याचे उत्पन्न बुडेल हे मला समजते, परंतु ते आजही अर्धे बुडतेच आहे.


दिंडोरी रोड (६ मे)

काकांनी जमिनीचे सांगितले ते शिरोधार्य आहे. मी मात्र बाजाराच्या बाजूने लिहितो, कारण जमीन सुधारायला दोन वर्षे लागतात आणि रोटाव्हेटर फिरवण्याची पाळी पुढच्या महिन्यातही येऊ शकते. नाशिकच्या संध्याकाळच्या लिलावात मी पंधरा वर्षे कोथिंबीर आणतो आहे. शेकड्याला दोनशे रुपये मिळालेले आहेत आणि दहा हजारही मिळालेले आहेत. ज्या पिकाचा भाव इतका हलतो, त्यात सरासरी काढून धीर धरता येत नाही. पडत्या दिवशी आपला किती माल बाजारात आहे, एवढेच आपल्या हातात राहते.

एक चूक आम्ही सर्वांनी केलेली आहे. श्रावणात पावसाने कोथिंबीर सडते आणि भाव चढतो. तो पाहून गावोगावी धने भिजत पडतात. पण आज दिसणारा भाव चाळीस-पंचेचाळीस दिवसांपूर्वी पेरणाऱ्याचा असतो, आणि आपला माल निघतो त्या दिवशी साऱ्या तालुक्याचाही निघतो. पुण्याच्या मार्केट यार्डात रविवारी कोथिंबिरीच्या लाखाच्या वर जुड्या उतरतात, तेथे आपली दहा हजार जुडी भाव पाडणाऱ्या गर्दीचाच भाग असते. या मालाला हमीभाव नाही, आणि कांद्यासारखी चाळीत ठेवून वाट पाहण्याचीही सोय नाही. उपटल्यापासून पान मरू लागते.

म्हणून मी आठ वर्षांपूर्वी एकरी पेरणी पूर्णपणे बंद केली. आपल्या दोन एकरांचे पाच-पाच गुंठ्यांचे सोळा तुकडे होतात. त्यांतील चार काकांच्या तागाला द्या आणि उरलेल्या बारांत दर चार दिवसांनी एक तुकडा पेरा. अठ्ठेचाळीस दिवसांनी आपण पुन्हा पहिल्या तुकड्यावर येता, तोवर त्यातील कोथिंबीर निघून वाफा मोकळा झालेला असतो. पीक चांगले असेल तर एका तुकड्यातून बाराशेच्या आसपास जुडी निघते, म्हणजे घरची दोन आणि मजुरीची दोन माणसे एका दिवसात आवरू शकतात. पडत्या भावात एक तुकडा गेला तरी घर हलत नाही, आणि चढत्या भावात आपल्याकडे काहीतरी हमखास असते. या पद्धतीत मला एकाही वर्षी मोठी उडी मारता आलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण गेल्या आठ वर्षांत मी पीक गाडलेले नाही.

दुसरी गोष्ट सणांची. गौरींच्या नैवेद्याला शेपू लागतो, ऋषिपंचमीच्या भाजीला माठ आणि अळू लागते, भोगीच्या भाजीला चाकवत शोधत लोक फिरतात. ही मागणी दरवर्षी ठरलेल्या तिथीला येते, पंचांग पाहून पेरता येते, आणि कोथिंबिरीच्या मानाने या भाज्या पेरणारे थोडे असतात. काकांनी सांगितलेली वेगळ्या कुळांची पिके यांतच आहेत, त्यामुळे फेरपालटीसाठी उत्पन्न पूर्ण सोडावे लागेल असे नाही.

आणखी एक, २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि आडत, म्हणजे आडत्याचे कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. आपल्या विक्रीच्या पट्टीत (हिशेबाच्या पावतीत) अजूनही कोणत्या नावाखाली काय कापले जाते, ते एकदा शांतपणे वाचून पाहा.


हवेलीकर (६ मे)

पाण्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, तो मांडतो. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण चार हजार लिटर. एप्रिल-मे महिन्यांत पालेभाजीला दिवसाला सहा मिलिमीटर धरले, तर एकरी चोवीस हजार लिटर रोज लागतात. आपली मोटर तासाला वीस हजार लिटर काढत असेल, तर एक दिवसाआड दोन तास म्हणजे दिवसाला सरासरी वीस हजार लिटरच. याचा अर्थ उन्हाळ्यात आपल्या विहिरीची ताकद एका एकराचीही नाही, तेहतीस गुंठ्यांची आहे. पाटपाण्याने दिले तर त्यातलेही बरेच वाया जाते, म्हणून रेन पाइप किंवा मिनी स्प्रिंकलर घ्या. उन्हाळ्यात तीसच गुंठे पेरा आणि त्यातील कोथिंबिरीवर शेडनेट टाका, कारण पारा ३६ अंशांच्या वर गेला की तिची उगवण आणि वाढ दोन्ही बिघडतात.

आणि आपली विहीर स्वच्छ आहे, हे भाग्य समजा. आम्ही पुण्याच्या खालच्या अंगाला राहतो. नदीच्या सांडपाण्यावर आमचा पालक खत न टाकता काळाभोर येत असे, पाने तळहातापेक्षा मोठी होत. चार-पाच वर्षांत जमिनीवर पांढरी खपली धरू लागली, पाणी मुरेनासे झाले, आणि पान तपासायला दिले तेव्हा त्यात कॅडमियम निघाले. जड धातू पानाच्या आत असतात, ते धुऊन जात नाहीत. त्या दिवसापासून आम्ही त्या पाण्यावर पालेभाजी घेतलेली नाही, फुलझाडे लावतो. ज्यांच्याकडे दुसरे पाणीच नाही, असे शेजारी अजूनही घेतात, आणि त्यांना दोष देण्याची माझी छाती होत नाही.


पहाटेची जुडी (८ मे)

नमस्कार. मी स्वतः पालेभाजी उपटण्या-बांधण्याच्या कामाला जाते आणि आम्हा सात बायकांची एक टोळी आहे. वर तीन जाणत्यांनी लिहिले, पण ज्यांच्या हातांतून प्रत्येक जुडी जाते त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

पालेभाजीत पेरणीपेक्षा काढणीला माणूस जास्त लागतो, आणि आमच्याकडे त्यासाठी अजून यंत्र आलेले नाही. थंडीत आम्ही उजाडायच्या आधी वाफ्यात उतरतो, तेव्हा पानांवर दव असते आणि पहिल्या अर्ध्या तासात कोपरापर्यंत हात व गुडघ्यापर्यंत लुगडे भिजते. दोन दिवसांपूर्वी त्या वाफ्यावर औषध मारलेले असेल, तर ते औषध त्या दवातून आमच्या कातडीवर येते. माझ्या बोटांच्या बेचक्यांत दरवर्षी खाज उठते आणि सालपटे निघतात. मळेकरी दादा, आपण चार फवारण्या लिहिल्या आहेत. डब्यावर फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते आणि ते औषध कोणत्या पिकासाठी आहे तेही लिहिलेले असते. तीस दिवसांच्या मेथीत शेवटच्या आठवड्यात फवारणी केली, तर तो थांबा पाळणे शक्यच होत नाही. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास २००५ पासून बंदी आहे, तरी 'जोरदार औषध' म्हणून ते मागणारे मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. ज्या मळ्यात असे होते तेथे आमची टोळी दुसऱ्यांदा जात नाही. पुढे मजूर मिळत नाहीत अशी तक्रार होते, तेव्हा त्यामागे हेही एक कारण असते.

आम्हाला रोजावर न ठेवता शेकड्यावर पैसे दिले तर हात वेगाने चालतो हे खरे आहे, परंतु पीक विरळ झाले की त्याच शेकड्याला दुप्पट चालावे आणि वाकावे लागते. जुडी भरत नाही, म्हणून मालक लहान जुडी बांधायला सांगतो, आणि मग बाजारात तिला भाव मिळत नाही. आपल्या वाफ्याची साठावरून चाळीसवर घसरण झाली, तेव्हा आमच्यासारख्यांची मजुरीही तितकीच घसरली असणार. पीक विरळ असेल तर दर वाढवून द्या, टोळी टिकून राहील.

माल टेम्पोत भरतानाही लक्ष द्या. मुळे धुतलेल्या ओल्या जुड्या दाबून रचल्या, की दोन-तीन तासांनी थराच्या मधोमध हात घालून पाहा, आत ऊब लागते. त्या उबेतच पाने पिवळी पडतात. जुडी सावलीत निथळू द्यावी, क्रेटमध्ये मोकळी उभी ठेवावी आणि वर ओले गोणपाट टाकावे. आमच्या गटातील दोघी पणन मंडळाच्या संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजारात भाजी नेतात. तेथे गिऱ्हाईक दुसऱ्या आठवड्यात परत येऊन मागची भाजी किती दिवस टिकली ते सांगते, त्यामुळे हे सारे आम्ही तेथे शिकलो.

बियाण्याचेही एक सांगते. माठ, तांदुळजा, चाकवत यांचे बी विकत घेण्याची गरज नसते, वाफ्याच्या कडेची दहा-बारा ठसठशीत झाडे पिकू दिली तरी पुढच्या वर्षाचे बी निघते. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आहे. ओतूरहून ते अंतर फार नाही, एकदा सपत्नीक जाऊन या.


ओतूरचा मळेकरी (१९ मे)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे वाटले.

काकांच्या सांगण्याप्रमाणे विहिरीलगत उभ्या असलेल्या मेथीची रोपे काढून धुतली. युरिया जास्त पडलेल्या वाफ्यात दहा रोपांपैकी सहांना गाठीच नव्हत्या आणि उरलेल्यांच्या गाठी आतून पांढऱ्या होत्या. गोठ्याजवळच्या कोपऱ्यात पूर्वी शेणखताचा ढीग असे, म्हणून तेथे आम्ही युरिया टाकत नाही. तेथील रोपांच्या गाठी गुलाबी निघाल्या. पिवळी चकंदळेही त्या कोपऱ्यात नाहीत. अकरा वर्षे मी रोज त्या कोपऱ्यावरून चालत होतो.

मातीचे नमुने दिले आहेत. रोगट भागातील चार वाफ्यांवर प्लास्टिक पसरले आहे. हवेलीकर दादांचा हिशेब मोटरखाली पिंप ठेवून पडताळला, तर तासाला अठरा हजार लिटरच भरले, म्हणजे आम्ही उन्हाळ्यात तीस गुंठ्यांच्या पाण्यावर दीड एकर पेरत होतो. जमिनीचे सोळा तुकडे आखून खुंट्या मारल्या आहेत. पत्नीने सणांची यादी दिनदर्शिकेवर लिहून घेतली, आणि भोगीचा चाकवत तिने स्वतःकडे घेतला आहे. ताई, आपण लिहिलेले तिला वाचून दाखवले. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या हातांकडे मी कधी पाहिले नव्हते. काढणीच्या आधी किमान दहा दिवस वाफ्यावर काहीही मारायचे नाही, असे आता ठरवले आहे, आणि डब्यावर त्याहून जास्त दिवस लिहिलेले असतील तर ते औषध घ्यायचेच नाही.

एकच शंका उरली आहे. चार तुकड्यांत पहिल्या पावसावर ताग टाकणार आहे. तो नेमका केव्हा गाडावा आणि त्यानंतर किती दिवसांनी पालेभाजी पेरावी?


काळी माती (२० मे)

ताग फुलावर येऊ लागला की, म्हणजे पेरणीपासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत गाडा. त्यापुढे खोड कडक होते आणि कुजायला वेळ लागतो. गाडतेवेळी जमिनीत ओल असली पाहिजे. पाऊस उघडला असेल तर एक पाणी द्या. नंतर किमान तीन आठवडे थांबा. अर्धवट कुजलेल्या तागात बारीक बियांची पालेभाजी पेरली, तर रोपे कोलमडतात आणि माणसाला वाटते की तागानेच नुकसान केले. ट्रायकोडर्मा मिसळलेले शेणखत सावलीत, ओलसर ठेवून पंधरा दिवस आधी तयार करा आणि ताग कुजल्यानंतर कुळवाच्या शेवटच्या पाळीत द्या.

आणि त्या तुकड्यांत पहिले पीक मेथीचे नको, माठ टाका.